पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायचा आहे, जाणकारांचं मत हवं

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८२ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली, अजून त्यांच्याच नावावर, चालू स्थितीत. बॉडी ठणठणीत आहे, पण इंजिन थकलंय. गरम झालं की आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो, चढाला निळा धूर येतो आणि ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून धूर फुसफुसतो. सिलिंडर आतून घासून मोठे करतात ते बोअरही एकदा करून झालेलं आहे.

मिरजेजवळ ओळखीच्यांकडे एक ११८ एनई, म्हणजे प्रीमियरचीच नंतरची गाडी, उभी आहे. खालचा पत्रा पूर्ण गेलाय, पण इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं आणि गिअर विनाआवाज पडतात. मालक अख्खी गाडी भंगाराच्या भावात द्यायला तयार आहेत. तेव्हा मनात असं आहे की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पद्मिनीत घ्यावेत. स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन खाली येईल. त्या गाडीचा डॅशबोर्डही बसवता आला तर बघायचं आहे, कारण आमचे काटे धड चालत नाहीत.

हे कुणी केलंय का? फाउंडेशन (इंजिन टेकतं ते आधार), मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, मीटर, सगळं कसं जुळवायचं? आणि आरसीचं काय? वडिलांना ही गाडी अजून चालवायची आहे, म्हणून घाईत काही करायचं नाही.

उद्यमनगरी, कोल्हापूर

कृष्णाकाठ, आधी दोन्ही इंजिनं नीट ओळखून घेऊ. जपानी म्हणजे चांगलं, एवढ्यावर कुणी इंजिन उतरवू नये.

तुमचं १०८९ सीसीचं. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ७५. ११८ एनईमध्ये निसानचं ए१२ आहे, ११७१ सीसी, बोअर ७३, स्ट्रोक ७०. म्हणजे तुमचं लांब स्ट्रोकचं आणि ते आखूड स्ट्रोकचं. तुमच्या क्रँकला तीन मेन बेअरिंग, त्याच्या क्रँकला पाच. ए१२ वरच्या आरपीएमला थरथरत नाही त्याचं मोठं कारण हेच. इंजिन म्हणून ते सरस आहे, यात वाद नाही.

आता बसवण्याचं. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच घ्या, एकमेकांपासून सोडवू नका. निसानचं इंजिन आणि फियाटचा गिअरबॉक्स असं करायला गेलात तर मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते, आणि बहुतेक गाड्यांचं वाटोळं तिथेच होतं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या पायलट बुशमध्ये बसतं. क्रँकचा मध्य आणि बेल हाउसिंगचा मध्य एका रेषेत नसेल तर बुश खातो, क्लच प्लेटचे स्प्लाइन घासतात, पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं. आमच्याकडे अशी प्लेट आली की फ्लायव्हीलवर डायल लावून क्रँक हाताने पूर्ण फिरवतो आणि बेल हाउसिंगच्या आतल्या कडेवर काटा किती हलतो ते बघतो. पाच थाऊच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशाच्या, आत आला तरच डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) मारायचे. नुसती भोकं जुळली म्हणजे प्लेट जुळली असं नसतं, बोल्ट भोकात सैलच असतो.

जोडी एकत्र उतरवलीत तर हा प्रश्न येत नाही. मग उरतात फाउंडेशन, समोर रेडिएटर ते फॅन अंतर, खाली संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि क्रॉस मेंबरमधली (चेसिसच्या आडव्या पट्टीमधली) जागा, आणि मागे प्रोपेलर शाफ्ट. शाफ्ट कापून जोडला की बॅलन्सिंग करायचंच. आणखी एक गोष्ट मेकॅनिक सहसा बघत नाहीत, ती म्हणजे गिअरबॉक्सचा कल. गिअरबॉक्समधून निघणारी रेषा आणि मागच्या पिनियनची रेषा समांतर हवी. इंजिन मागे दोन अंश जास्त झुकवून बसवलं तर ठरावीक वेगाला गाडी घोंघावते, आणि मग लोक उगाच टायर बदलत बसतात.

ब्रेक विसरू नका. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. ताकद वाढवण्याआधी सिलिंडर, लायनर आणि ड्रमची गोलाई तपासून घ्या.

ताडदेव_नाका, मुंबई

आमच्या घरात दोन पिढ्या टॅक्सी होती, म्हणून वेगळं मत मांडतो.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत झाली आणि टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. इतकी वर्षं त्या गाड्या कशावर चालल्या? याच १०८९च्या इंजिनावर. दिवसरात्र, पावसात, दोन-दोन शिफ्टमध्ये. इंजिन थकलं की आमचा मिस्त्री ते खोलायचा, बदलायचा नाही. बोअर संपलं तर ब्लॉकला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून पुन्हा स्टँडर्ड मापावर आणायचं, क्रँक ग्राइंड करून बेअरिंग अंडरसाइज टाकायचे, हेड प्लेन करायचं. गाडी पुन्हा कामाला.

कृष्णाकाठ, तुम्ही सांगताय ती लक्षणं इंजिन मेल्याची नाहीत, रिंगा आणि बेअरिंग संपल्याची आहेत. आधी कॉम्प्रेशन घ्या. कोरडं एकदा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा. ऑइल घातल्यावर आकडा वाढला तर दोष रिंगा-बोअरचा. तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट.

स्टिअरिंगवरच्या गिअरबद्दलही सांगतो. लोक म्हणतात गिअर ढिला, बॉक्स गेला. दहातल्या आठ गाड्यांत बॉक्स चांगला असतो. कॉलमपासून बॉक्सपर्यंतच्या दांड्यांचे बुश झिजलेले असतात. ते बदलून लिंकेज सेट केलं की पहिला आणि रिव्हर्स बिनबोभाट पडतात.

तरीही खालीच गिअर हवा असेल तर कंपनीनेच वाट दाखवलेली आहे. शेवटच्या वर्षांतल्या पद्मिनी एस-१ला निसानकडून घेतलेला, खाली गिअर असलेला बॉक्स होता आणि इंजिन हेच, १०८९चं. तो बॉक्स पूर्ण मिळाला तर त्याला अ‍ॅडॅप्टर वगैरे काही लागत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांकडे विचारून बघा. जुने दुकानदार अजून फियाटवाल्याला हाकलून देत नाहीत.

ऑरेंजसिटी_अ‍ॅम्बी, नागपूर

ताडदेव_नाका यांना +१. कंपनीने स्वतः काय केलं ते आधी बघावं. अ‍ॅम्बेसेडरमध्ये १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन वर्षानुवर्षं होतं. १९९२ला हिंदुस्थान मोटर्सने त्यातच इसुझुचं १८१७ सीसीचं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स आणि खाली गिअर दिला. म्हणून जुन्या मार्क मॉडेलच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझु घालणाऱ्याला फाउंडेशनपासून क्रॉस मेंबरपर्यंत सगळं तयार नमुन्यावर मिळतं. पद्मिनीत ए१२ घालणाऱ्याला तसा नमुना नाही, प्रत्येक पट्टी स्वतः बनवावी लागेल.

चाफा, ठाणे

वाचतेय. माझा प्रश्न डॅशबोर्डचा आहे. आमच्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८००ला एका गॅरेजने नंतरच्या मॉडेलचा डॅशबोर्ड बसवून दिला. दिसतो छान. पण टाकी फुल केली तरी काटा निम्म्यावर थांबतो आणि वेगाचा काटाही खरा वाटत नाही. दोनदा वायरिंग तपासून झालं. नेमकं काय चुकतं यात?

तारजोडणी, नाशिक

चाफाताई, वायरिंग बहुतेक बरोबरच असेल. टाकीतला फ्लोट आणि डॅशबोर्डमधला काटा ही जोडी असते. फ्लोट म्हणजे टाकीत वरखाली होणारा रेझिस्टन्स. एका गाडीत भरलेल्या टाकीला एक रेझिस्टन्स, दुसरीत दुसराच. काही गाड्यांत तर भरल्यावर वाढतो, काहींत कमी होतो. काटा एका मॉडेलचा आणि फ्लोट दुसऱ्याचा असेल तर तो कधीच खरं सांगणार नाही, वायर सोन्याची टाकली तरी. उपाय सोपा आहे. मल्टिमीटर घ्या, टाकीवरची वायर काढा, रिकाम्या आणि भरलेल्या टाकीचा रेझिस्टन्स लिहून ठेवा. त्याला जुळणारा काटा शोधा, नाहीतर ज्या गाडीचा डॅशबोर्ड आहे तिचाच फ्लोट टाकीत बसतो का ते बघा. तोच प्रकार टेम्परेचरचा: सेन्सर आणि काटा एकाच घरचे हवेत.

कृष्णाकाठ, तुमच्यासाठीही हे लागू आहे. त्यात जुन्या गाड्यांत काट्यांच्या मागे बऱ्याचदा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. एक छोटी डबी, आत तापून उघडझाप करणारी पट्टी. ती बॅटरीचे बारा-चौदा व्होल्ट तोडून तोडून सरासरी दहाच्या आसपास काट्यांना देते. दोन्ही काटे एकदम जास्त दाखवायला लागले किंवा एकदम मेले तर आधी ती डबी बघा. आणि तिची अर्थिंग बॉडीला असते, गंजलेल्या स्क्रूमुळेही हा खेळ होतो. तुमचे काटे धड चालत नाहीत म्हणता, तर डॅशबोर्ड बदलायच्या आधी एवढं करून बघाच.

आता स्पीडोमीटर. केबलवाला मीटर वेग मोजत नाही, केबलचे फेरे मोजतो. एका किलोमीटरला किती फेरे, हे गिअरबॉक्समधल्या छोट्या प्लास्टिकच्या गिअरवर, मागच्या अ‍ॅक्सलच्या रेशोवर आणि टायरच्या घेरावर ठरतं. गिअरबॉक्स एका गाडीचा, अ‍ॅक्सल दुसरीचा, मीटर तिसरीचा असला की हिशोब बिघडणारच. तपासायची पद्धत अशी: मीटरमागून केबल सोडा, आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा बाण चिकटवा, गाडी न्यूट्रलला ठेवून सपाट जागी टेपने मोजून २० मीटर ढकला आणि फेरे मोजा. समजा २३ फेरे भरले, तर किलोमीटरला ११५० झाले. मीटर १०००चा असेल तर तो १५ टक्के जास्त दाखवणार, खऱ्या ६०ला ६९. स्मिथ्सच्या जुन्या मीटरांच्या तबकडीवर हा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो, फक्त मैलाचे आहेत की किलोमीटरचे ते बघून घ्या.

आणखी एक. डायनॅमो काढून अल्टरनेटर टाकणार असाल आणि डॅशबोर्डवर अँमीटर असेल, तर सगळा करंट त्या जुन्या अँमीटरमधून जातो. तो तेवढ्या करंटसाठी बनलेला नसतो. तिथे आग लागू शकते. चार्जिंगची जाड वायर थेट बॅटरीला न्या आणि व्होल्टमीटर लावा.

घाटवाट, पुणे

सुझुकीवाल्यांसाठी थोडं. अदलाबदल करायला सगळ्यात माफक घराणं हेच. झेनचं ९९३ सीसीचं आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन एकाच जी मालिकेतलं, म्हणून झेनमध्ये एस्टीमचं इंजिन घालणारे इतके सापडतात. जिप्सीत मात्र सांभाळून. ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीचा चार गिअरचा बॉक्स १३००च्या इंजिनाला थेट लागत नाही, नंतरच्या जिप्सी किंगचा पाच गिअरवाला सोबत घ्यावा. आणि एस्टीम आडव्या इंजिनाची, जिप्सी उभ्या इंजिनाची, त्यामुळे संप, मॅनिफोल्ड, फाउंडेशन सगळं जिप्सीचंच हवं.

कार्ब्युरेटरच्या गाडीत एमपीएफआय (पेट्रोल दाबाने फवारणारी इंजेक्शन पद्धत) टाकणाऱ्यांनी पेट्रोलच्या पाइपकडे लक्ष द्या. कार्ब्युरेटरचा पंप जेमतेम पाव बारवर पेट्रोल ढकलतो, एमपीएफआयला तीन बारच्या आसपास लागतं. जुना रबरी पाइप आणि जुनी क्लिप तेवढा दाब सोसत नाहीत, आणि पाइप फुटला की फवारा थेट गरम मॅनिफोल्डवर. टाकीही एमपीएफआयचीच घ्या. साध्या टाकीत वळणावर पेट्रोल बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि गाडी ऐन घाटात बंद पडते. ईसीयू (इंजिनाचा संगणक) घेताना इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) असेल तर त्याच गाडीची किल्ली सोबत घ्या, नाहीतर इंजिन फक्त फिरेल.

न्यायपत्र, पुणे

कागदांबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण यात लोकांच्या गाड्या अडकलेल्या पाहिल्या आहेत.

मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी, बॅटरी अशा इंधनबदलाच्या मान्य किटसाठी त्यात वेगळी तरतूद आहे. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे कलम काटेकोर वाचलं. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अच्या चौथ्या पोटकलमानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता तुमची गाडी. आरसीवर इंजिन नंबरही आहे आणि १०८९ सीसीही आहे. त्याच जातीचं दुसरं इंजिन टाकलंत तर नंबर बदलतो, तपशील बदलत नाही. आधी परवानगी घ्यायची, बदल झाल्यावर १४ दिवसांत आरसीसह कळवायचं. ए१२ टाकलंत तर सीसीच बदलते, आणि तुमची अडचण तिथे आहे. पुनर्नोंदणीच्या तपासणीत चेसिसची पेन्सिल छाप घेतात, इंजिन नंबर बघतात. विम्याचंही तेच. न सांगितलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर दावा अडतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांचे नियम आले. ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपातली. चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल नसलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नंबरमध्ये व्हीए. तुमची गाडी २०३२ला पन्नाशीची होईल. हा मार्ग रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. पण तो दरवाजा आज स्वतःच्या हाताने बंद का करावा?

घाटवाट, पुणे

न्यायपत्र, कायद्याचा मान ठेवून म्हणतो, सुरक्षित आणि कमी धूर सोडणारं इंजिन टाकायला मालकाला अधिकृत वाट असायला हवी. आज ती नाही म्हणून लोक लपवून करतात, आणि लपवून केलेलं काम कुणी तपासत नाही. धोका त्यातच जास्त आहे.

न्यायपत्र, पुणे

घाटवाट, त्यावर माझं दुमत नाही. तपासणी संस्थेच्या प्रमाणपत्रावर असा बदल नोंदवता यावा, ही मागणी योग्यच आहे. पण कृष्णाकाठ यांच्या वडिलांना गाडी आज चालवायची आहे, आणि आजचा नियम हा आहे.

कृष्णाकाठ, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर उत्तर कुठल्याही गॅरेजमध्ये मिळालं नसतं.

कॉम्प्रेशन घेतलं. दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर बरेच खाली आहेत, ऑइल सोडल्यावर दोन्ही वर आले. वडिलांना धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे: इंजिन हेच राहील. मलाही आता ते पटलंय. ए१२ पद्मिनीत जाणार नाही.

डॅशबोर्डचाही विचार सोडला. आमच्या गाडीचा डॅश रंगवलेल्या पत्र्याचा, बॉडीचाच भाग आहे. दुसरा बसवायचा तर तो कापावा लागेल. तारजोडणी म्हणतात ती डबी खोलली, अर्थच्या स्क्रूखाली गंज होता. घासून परत बसवल्यावर पेट्रोलचा काटा सरळ आला. टेम्परेचर आणि ऑइल प्रेशरसाठी डॅशच्या खाली पट्टीवर दोन वेगळे मीटर लावेन, पत्र्याला भोक न पाडता.

उद्यमनगरी, ब्लॉक तुमच्याकडे आणला तर बघाल का?

उद्यमनगरी, कोल्हापूर

आणा की. दोन आणि तीन शेजारी आहेत, त्यामुळे मला आधी गॅस्केट मधून फुटलंय की काय अशी शंका आली असती. पण ऑइलने आकडा वर आला म्हणजे रिंगा-बोअरच. ब्लॉक, क्रँक, हेड, फ्लायव्हील आणि क्लच कव्हर सगळं एकत्र आणा. बेअरिंग कॅप ज्या जागेच्या ज्या दिशेने निघाल्या त्यावर पंचने खूण करून आणा, अदलाबदल झाली तर लाइन बोअर (सगळ्या बेअरिंगांची भोकं एका रेषेत पुन्हा कापणं) करावं लागेल. पिस्टन आधी विकत घेऊ नका. बोअर मोजल्यावर स्लीव्ह की ओव्हरसाइज ते ठरेल, आणि बोअर हातातल्या पिस्टनला मोजून करायचं असतं, डब्यावरच्या आकड्याला नाही. क्रँकला क्रॅक टेस्ट करून घेऊ. तीन बेअरिंगचा क्रँक आहे, त्यात तडजोड नको.

ताडदेव_नाका, मुंबई

वडिलांना माझा नमस्कार सांगा. लिंकेजचे बुश मी इथून शोधून ठेवतो, कॉलमचा वरचा आणि खालचा दोन्ही फोटो टाका. एस-१चा बॉक्स दिसला तर कळवेनच.

रंकाळा_११८, कोल्हापूर

धागा रोज वाचत होतो, आज लिहितोय. माझ्याकडे ११८ एनई आहे, रोज चालवतो. ए१२च्या ब्लॉकला पाण्याच्या जॅकेटजवळ तडा गेलाय, दोनदा वेल्डिंग करूनही पाणी झिरपतंच. कृष्णाकाठ, मिरजेची ती गाडी तोडायला जाऊ देऊ नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि डॅशबोर्डचे मीटर मला हवे आहेत. माझ्या आरसीवर ११७१ सीसीच आहे.

न्यायपत्र, पुणे

रंकाळा, तुमचं काम सरळ आहे. मालकाकडून इंजिन नंबर आणि चेसिस नंबर लिहिलेली विक्री पावती घ्या, त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि मालकाचं ओळखपत्र जोडा. इंजिनावर बँकेचा बोजा किंवा चोरीची तक्रार नाही हे आधी तपासा. त्या गाडीची नोंदणी रद्द करायचा अर्ज मालकाने करायचा. मग तुमच्या आरटीओत परवानगीचा अर्ज, आणि ती मिळाल्यावरच इंजिन उतरवा.

कृष्णाकाठ, सांगली

रंकाळा, मालकांशी आत्ताच बोललो. त्यांना गाडी चालवणाऱ्याकडेच द्यायची होती, ते खूश झाले. भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलंय. रविवारी ब्लॉक घेऊन कोल्हापूरला येतोच आहे, येताना मिरजेला थांबून इंजिन नंबरचा फोटो काढून आणतो. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, तो बघा.